तीन मिलिमीटर

रवि. ९ नोव्हेंबर
आज थोडक्यात वाचलो. गायमुखचं वळण. बाईकवर सु. मागे बसलेली. स्पीड फार नव्हता, पन्नासच्या आत. वळणात मध्येच बुजवलेल्या खड्ड्याचा उंचवटा आला, गाडीचं नाक खाली बुडलं, मागचं चाक डुलायला लागलं आणि आम्ही सरळ डिव्हायडरकडे. कशी वळली ते मलाच माहीत नाही. पुढे जाऊन थांबलो.
सु. नुसती म्हणाली, "चहा घेऊ या का?"
तेवीस वर्षं लग्नाला झाली, एवढी वर्षं ती माझ्या मागे बसतेय. आज बायकोला पाडली असती. वर्तकनगरला येईपर्यंत चाळीसच्या वर गेलो नाही. रिक्षावाले हॉर्न मारून शिव्या देऊन गेले, जाऊ देत.

मंगळ. ११ नोव्हें.
कंपनीत लक्ष नाही. डोंबिवलीत दिवसभर शाफ्ट मोजतो, शंभरातला एक मायक्रॉनभर चुकलेला पकडतो, आणि स्वतःच्या गाडीचा मागचा शॉकअप सहा वर्षांत एकदा बघितला नाही. शहाणाच मी.
ठरवलं. नवा शॉकअप मागे, पुढे कडक स्प्रिंग आणि जाड ऑइल. सु.ला सांगितलं. "पंचेचाळिसाव्या वर्षी रेसर होणार का तू?" मैत्रीला पुण्याला लगेच फोन, तुझे बाबा रेसर होतायत. दोघी मायलेकी हसत होत्या. हसोत. मला ते वळण विसरता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला वळणं आवडतातही. घाबरत घाबरत नाही, नीट झुकून घ्यायची आहेत.

रवि. १६ नोव्हें.
कोपरीला पाटीलकडे सकाळी नऊ ते दोन. पाटील साठीचा, कोपरीगावचाच. दुकान म्हणजे घराची पडवी. पण शॉकअपमध्ये त्याच्याइतका हात ठाण्यात कोणाचा नाही.
मला वाटलं पार्ट बसवले की झालं. पाटील म्हणे, "पार्ट कोनपन बसवील. वजनाला लावाय लागतं. तू एकटा कवा फिरतंस? बायला बोलव."
सु.ला फोन केला. ती सॅक अडकवून रिक्षाने आली, वैतागलेली. शाळेचे पेपर तपासत होती.
पद्धत साधी आहे. मागचं चाक उचलून एक माप. मग मी बसल्यावर एक, दोघं बसल्यावर एक. वजनाने गाडी किती बसते त्याला सॅग म्हणतात. त्यावरून स्प्रिंग किती आवळायची ते ठरवायचं. पाटील खाली उकिडवा बसून टेप धरतो, आम्ही दोघं हेल्मेट घालून पुतळ्यासारखे वर.
"बाय, वजन किती तुजं?"
"अठ्ठावन्न."
पाटीलने टेप बघितला, माझ्याकडे बघितलं. "बाय, यो टेप खोटं नाय बोलत."
"बरं बाबा, सहासष्ट!"
मी गाडीवरून पडायचाच बाकी होतो हसून. परत येताना सबंध रस्ताभर तिने मला चिमटे काढले.
नोंद: शॉकअपला आवळायच्या सात खाचा. पाचवीत ठेवला. मी एकटा – ३० मिमी. दोघं – ५२ मिमी. तीन तीनदा मोजून.

रवि. २३ नोव्हें.
गायमुख. तेच वळण. आधी गिअर खाली घेतला. मग झुकवली आणि गाडी रुळावर असल्यासारखी गेली! नाक बुडत नाही, मागचा हलत नाही. सु. माझ्याबरोबर झुकली. पुढे टपरीवर म्हणाली, "आता बरी वाटते." परत येताना तेच वळण मुद्दाम पुन्हा. पाटीलला मिठाई द्यायला हवी.

शनि. ६ डिसेंबर
चैत्यभूमी. दरवर्षीसारखं. रांगेत सु. दोनदा फुटपाथवर बसली. "गुडघे," म्हणाली. गेल्या वर्षी मीच बसलो होतो आणि ती मला ओढत होती. डब्यातली चपाती तिने तशीच परत आणली. उन्हाने असेल.

रवि. १४ डिसें.
शीळ रोडने कल्याणला, मेव्हण्याकडे. गाडी मागून दणके देतेय. खड्डा आला की मागचं चाक आपटतं, बसत नाही. सु. दोनदा म्हणाली, "हळू ना, हाडाला लागतंय." मी म्हटलं शीळ रोडच आहे, गाडी काय करणार.
मेव्हण्याची बायको दारातच, "ताई, किती बारीक झालात! काय करता?" सु. म्हणाली, "मॉर्निंग वॉक." मला बरं वाटलं, बायकोचं कौतुक झालं म्हणून. दोन कुर्ते नवे शिवलेत असं वाटलं, अंगाला बसलेले.

रवि. २८ डिसें.
एकटा फिरून आलो, येऊरच्या फाट्यापर्यंत. गाडी लोण्यासारखी. दुपारी सु.ला घेऊन बाजारात गेलो तर पुन्हा दणके. एकटा असलो की ठीक, दोघं असलो की ताठ! उलटं व्हायला हवं ना? जड झाल्यावर जास्त बसायला हवी. ऑइल बदललं का पाटीलने न सांगता? की शॉकअप डुप्लिकेट? पाटीलला फोनवर जरा जास्तच बोललो. तो एवढंच म्हणाला, "आन रविवारी. बायला पन आन."

रवि. ४ जानेवारी
नीट लिहितो.
पाटीलकडे दोघं गेलो. त्याने आधी मला एकट्याला बसवलं. ३० मिमी. तंतोतंत. मी म्हटलं बघ, मग दोघांचं चुकलंय. दोघं बसलो. ४९. पुन्हा दाबून सोडली, पुन्हा. ४९. तिसऱ्यांदा मी खाली उतरलो, पाटील माझ्या जागी बसला आणि टेप मी धरला. त्याचं वजन वेगळं, म्हणून परत मी बसलो. वेड्यासारखं चाललं होतं. ४९.
मी म्हटलं, "स्प्रिंग कडक झाली तुझी."
पाटील हात पुसत होता. "स्प्रिंग कवा ताठ व्हते का रं? म्हातारी व्हते ती, बसते. ताठ नाय व्हत." मग सु.कडे न बघता मला म्हणाला, "तुजं माप तितकंच हाय. मंग स्प्रिंग बी तीच हाय."
सु. तोवर उतरून हेल्मेटचा पट्टा सोडत होती. म्हणाली, "झालं का? मला पेपर आहेत."
घरी आलो. जेवलो. मी जेवलो.

सोम. ५ जाने.
कंपनीत तोच हिशेब. मी तोच. गाडी तीच. खाच पाचवी. टेप तोच, पाटीलचा हात तोच. बदललेली एकच गोष्ट.
सहासष्ट किलोला बावीस मिमी. म्हणजे मिमीला तीन किलो. तीन मिमी म्हणजे नऊ.
नऊ किलो. सात आठवड्यांत. मॉर्निंग वॉकने?
ती वॉकला जाते तरी का? मी सहाला निघतो. मला काय माहीत.

गुरु. ८ जाने.
चोरासारखा बघतोय. तीन दिवस.
अर्धी चपाती. उरलेली माझ्या ताटात, "तू घे, मी शाळेत खाल्लं." शाळेच्या पिशवीत डबा भरलेला. मी उघडून बघितला. स्वतःची लाज वाटली, तरी बघितला.
कुर्ते नवे नाहीत. जुनेच, कडेला टीप मारून आत घेतलेले. शिवणयंत्रावर. आत कापड दुमडलेलं दिसतं. म्हणजे तिला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे?
बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.
सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. त्याही पोट भरलंय म्हणायच्या. सगळे म्हणायचे तब्येत छान कमी केलीत. मग पोटाचं निघालं. नाव कळल्यापासून तीन महिने.
तो शब्द इथे लिहिणार नाही.
गायमुखसारखंच चाललंय, सरळ डिव्हायडरकडे. तेव्हा निदान ब्रेक होता.

शुक्र. ९ जाने.
विचारायचं होतं. चहा होईपर्यंत थांबलो, चहा झाला. मग भांडी होईपर्यंत. मग मैत्रीचा फोन आला. मग राहिलं.
विचारलं तर खरं होईल असं वाटतं. मी क्वालिटीत आहे, खराब माल लपवणाऱ्यांना मी झापतो. आणि घरी हे.

रवि. ११ जाने.
विचारलं.
विचारलं म्हणजे काय, ही वही तिच्यासमोर ठेवली. १६ नोव्हेंबरचं पान आणि ५ जानेवारीचं. तोंडाने बोलता येईना. ती गणिताची बाई. लाल पेन हातातच होता. वाचलं. मग पेनने माझ्या नऊवर काट मारली.
"चूक आहे."
एका क्षणात इतका हलका झालो मी! वाटलं, देवा रे, देव मानत नाही मी, तरी वाटलं, चूक आहे, सगळीच चूक आहे.
"त्या दिवशी पाठीवर सॅक होती माझ्या," ती म्हणाली. "पेपरांची. किलोभर तरी असेल. ती तू धरली नाहीस. या वेळी सॅक नव्हती. नऊ नाही, आठ."
"तुला कसं…"
"शाळेत वजनकाटा आहे, मुलांचा. अठ्ठावन्न भरलं परवा."
अठ्ठावन्न. त्या दिवशी पाटीलला थाप मारली होती तोच आकडा.
मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मी इतका मोठा माणूस, नुसता शेजारी बसलो. दिवाळीपासून जेवण उतरत नाही म्हणाली. घास अडकतो. गोळ्या आणून खाल्ल्या दुकानातून. "आईला नाव कळलं आणि ती झोपली, मिलिंद. नाव कळेपर्यंत ती स्वयंपाक करत होती. मला नाव नको."
मी ओरडलो. असं ओरडायला नको होतं. "आणि मी? माझं काय? मैत्रीचं काय?" शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला बहुतेक.
ती म्हणाली, "तुला गाडीवरून कळलं. माझ्याकडे बघून नाही कळलं."
मी वही उचलली.

मंगळ. १३ जाने.
बोलणं बंद. म्हणजे बोलतो, दूध, गॅस, किल्ली. संध्याकाळी तिने स्वतःच म्हटलं, "शनिवारी अर्धी सुट्टी आहे." बस, एवढंच. मी नौपाड्यात डॉक्टरणीची वेळ घेतली.
मैत्रीला सांगायचं नाही, ही सु.ची अट. परीक्षा आहे तिची.

शनि. १७ जाने.
नौपाडा. डॉक्टरीण वयस्कर, शांत. सु.ला पोटावर दाबून बघितलं, जिभेखाली, मानेला. "किती कमी झालं वजन?"
सु. म्हणाली, "यांना विचारा, यांनी टेपने मोजलंय."
डॉक्टरीणबाईंना कळेना. मी सांगितलं, गाडी, शॉकअप, तीन मिमी. त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं. "बरं झालं मोजलंत," म्हणाल्या. आईंचं विचारलं. तेही लिहिलं. मग म्हणाल्या, दुर्बीण घालून बघू, तुकडा काढून तपासायला पाठवू. अल्सर असू शकतो, दुसरं बरंच काही असू शकतं, घाबरू नका.
घाबरू नका म्हणणाऱ्याचा चेहरा मी बघत होतो. कळलं नाही काही. डॉक्टरांना शिकवत असतील तसा चेहरा ठेवायला.
बाहेर आलो. सु. म्हणाली, गोखले रोडला साड्या बघू. बघितल्या. घेतली नाही. "आठवडाभर थांबू," म्हणाली.

गुरु. २२ जाने.
दुर्बीण झाली. मला बाहेर बसवलं. चाळीस मिनिटं. तिची पर्स माझ्या मांडीवर, त्यात लाल पेन, फळ्याचे खडू, एक लिमलेटची गोळी. मी ती गोळी धरून बसलो होतो.
बाहेर आली तेव्हा घसा बसलेला. मला म्हणाली, काय म्हणाले? मला कोणी काही म्हटलं नव्हतं. आत काहीतरी दिसलं, तुकडा घेतला. "काहीतरी" म्हणजे काय, विचारलं, तर म्हणे रिपोर्ट येऊ दे. पुढच्या गुरुवारी, पाचनंतर.
सात दिवस. शाफ्टचा रिपोर्ट मी दहा मिनिटांत देतो.
रिक्षाने आलो. ती खांद्यावर डोकं ठेवून. वजन लागलं नाही फारसं. हे असं सारखं मोजणं थांबायला हवं माझं.

रवि. २५ जाने.
पाटीलकडे एकटा गेलो. त्याची माफी मागायची राहिली होती, २८ डिसेंबरच्या फोनची. त्याने हात झटकला. "बायची तब्येत?" मी सांगितलं. पाटील बराच वेळ चेन साफ करत राहिला, साफच असलेली.
"मना तवाच दिसलं व्हतं," म्हणाला. "पन मी कसं बोलू? गाडीचा मानूस मी."
मग म्हणाला, "मागचा कमी करू का? दोन खाची खाली घेतला तर तिला दनका नाय लागायचा."
मी म्हटलं, नको. पाचवीत राहू दे. ते तिचं माप आहे. ती परत भरेल तेव्हा पुन्हा कुठे आवळत बसायचं. पाटीलने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पाना ठेवून दिला. मी निघालो तर मागे आला, तो खाच फिरवायचा हुकासारखा पाना माझ्या डिकीत टाकला. "राहू दे तुज्याकडं."

मंगळ. २७ जाने.
कंपनीत एक अख्खी बॅच मी चुकीची पास केली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. हाताखालच्या पोऱ्याने नाही, मी. साहेबांनी झापलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की कोणीतरी त्यांना घरचं सांगितलंय. कोणी सांगितलं?
सु. शाळेत जातेय. दहावीचा वर्ग, पोरांचं वर्ष वाया जाईल म्हणते. सकाळी वरणाचं पाणी प्यायली वाटीभर. मी वाटी बघत होतो तर म्हणाली, "मोजू नकोस."

बुध. २८ जाने.
उद्या पाचनंतर.
आज कंपनीतून लवकर आलो. ती खिडकीत. म्हणाली, उद्या रिक्षाने जायचं नाही, गाडीने जायचं. मी म्हटलं, वेडी आहेस का, अंगात ताकद नाही. म्हणाली, रिक्षात माणूस आजारी वाटतो. गाडीवर नाही वाटत.
मग जरा वेळाने, हळूच, "पण तो मागचा जरा मऊ कर ना. दणके बसतात. हाडाला लागतं रे."
डिसेंबरातसुद्धा ती हेच म्हणाली होती. मी रस्त्याला शिव्या दिल्या होत्या.
खाली पार्किंगमध्ये गेलो. पाटीलचा पाना काढला. पाच मिनिटं नुसता धरून बसलो गाडीशेजारी. सोसायटीचा वॉचमन येऊन गेला, साहेब पंक्चर आहे का. नाही म्हटलं. मला भीती वाटते हे कोणाला सांगू. वळणाची वाटली होती त्याच्या शंभरपट. पाचवीतून काढलं की तिचं सहासष्ट कायमचं गेलं, असं डोक्यात. मूर्खपणा आहे. खाच आहे ती, लोखंडाची.
वर जाऊन तिची नेलपॉलिशची बाटली आणली. लाल. तिला विचारलं नाही. पाचव्या खाचेवर एक ठिपका दिला, वाळू दिला. मग पाना लावला आणि दोन खाचा खाली घेतला. तिसरी.
मागे वळलो तर ती जिन्याशी उभी, शाल घेऊन. कधीपासून होती कळलं नाही. ठिपका बघितला असणार. "बसून बघू का?"
बसली. मी स्टँडवरून काढून पुढे बसलो. गाडी खाली गेली, मऊ, जराशी. दोनदा उसळवून बघितली.
"हां, आता बरं आहे," मागून म्हणाली. तिचे हात माझ्या पोटाशी. मग म्हणाली, "टेप आण ना. बघू किती येतो ते."
मी म्हटलं, टेप वर राहिला.
खिशातच होता.